इबेराला डोराडो धरायला जायचंय, तर तयारी इथंच करून जा

दादा, तुम्ही विचारलंय ते असं की मुलगी-जावई ब्वेनोस आयर्सला आहेत, त्यांनी मार्चमध्ये तुम्हा दोघांना अर्जेंटिनातल्या इबेराच्या पाणथळीतल्या एका लॉजवर, डोराडो नावाचा सोनेरी शिकारी मासा धरायला, आठवडाभर फ्लाय फिशिंगला न्यायचं ठरवलंय, तुम्ही पोरवयापासून वेदगंगा-दूधगंगेवर गळ टाकून मरळ, वाम धरत आलाय खरं फ्लाय रॉड कधी हातात घेतलेला नाही, तर रॉड कुठला घ्यायचा, या वयात जमेल का, आणि वहिनी मासे धरत नाहीत तर त्यांनी तिथं काय करायचं.

जमेल. वयाचा काही संबंध नाही, ताकदीचाही फारसा नाही. रॉड कुठला हा प्रश्न सगळे पहिला विचारतात खरं तो चौथ्या-पाचव्या नंबरचा आहे. लॉजवर बोट, गाइड, जेवण, फ्लाय, बहुतेक ठिकाणी रॉडसुद्धा भाड्याने मिळतो. जे तिथं मिळत नाही ते म्हणजे तुमचा हात तयार असणं. जावयाने एवढे डॉलर भरलेत, त्यातले पहिले तीन दिवस बोटीवर उभं राहून लाइन कशी फेकायची हे शिकण्यात जातात अशी माणसं मी बघितलीत, चौथ्या दिवशी हात बसतो आणि तोवर निघायची वेळ आलेली असते. आत्तापासून मार्चपर्यंत वेळ आहे, तो वेळ घाला.

आधी फरक समजून घ्या. आपण गळ टाकतो तेव्हा वजन गळाला असतं, शिसं असतं, आमिष असतं, ते वजन उडतं आणि त्याच्या मागं दोरी जाते. फ्लायला वजनच नसतं, पिसं आणि केस बांधलेला हुक तो. इथं वजन लाइनला असतं आणि लाइन उडते, फ्लाय नुसती मागनं जाते. रॉडवर जो नंबर लिहिलेला असतो तो या लाइनच्या वजनाचा. डोराडोसाठी 8 नंबर चालतो, म्हणजे लाइनचा पहिला 30 फूट भाग साधारण 210 ग्रेन, आपल्या हिशोबात साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. एवढंच वजन, आणि ते सगळ्या 30 फुटात पसरलेलं, म्हणून ते झटक्याने फेकता येत नाही. रॉड मागं न्यायचा, थांबवायचा, मागं लाइन पूर्ण सरळ होऊ द्यायची, मग पुढं न्यायचा आणि परत थांबवायचा. सगळं त्या थांबण्यात आहे. नवीन माणूस मागं थांबत नाही, लाइन मागं उलगडायच्या आतच पुढं ओढतो, मग फटाक करून आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. मान वळवून मागं बघा की, पहिले पंधरा दिवस प्रत्येक वेळी मागं बघा, लाइन सरळ झालेली डोळ्याने दिसली की मगच पुढं. मनगट मोडू देऊ नका, ते मोडलं की रॉडचं टोक मागं जमिनीकडं जातं आणि लाइन गवतात. शर्टाच्या बाहीत रॉडची मूठ खोचून सराव करा, म्हणजे मनगट मोडायला जागाच राहत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि तुमच्यासाठी हीच जास्त महत्त्वाची आहे. तुमच्या हाताला एवढ्या वर्षांची सवय आहे, मासा लागला की काठी वर उचलायची. मरळला ते चालतं. डोराडोला अजिबात चालत नाही. त्याचं तोंड आतून हाडासारखं टणक, जबड्याला बारीक धारदार दात, फ्लाय तोंडात घेऊन तो वळतो तेव्हा तुम्ही रॉड वर उचललात तर रॉड वाकून सगळा जोर खाऊन टाकतो, हुक त्या हाडावरनं घसरतो आणि मासा एक उडी मारून गेला. रॉडचं टोक पाण्याकडंच, माशाच्या दिशेने, आणि डाव्या हाताने लाइन सरळ मागं ओढायची, जोरात, एकदा नाही तर दोन-तीनदा. इंग्रजीत याला स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात. ऐकायला सोपं आहे खरं मासा समोर सोन्यासारखा चमकून फ्लायवर आला की माणसाचा उजवा हात आपोआप वर जातो, जुन्या गरी टाकणाऱ्यांचा तर हमखास जातो, आणि गाइड डोक्याला हात लावतो.

याचा सराव पाण्याशिवाय होतो. हुक काढून टाका, लीडरच्या, म्हणजे लाइनच्या पुढं जोडलेल्या बारीक दोरीच्या, टोकाला लोकरीचा तुकडा बांधा, नातवाला नाहीतर शेजारच्या पोराला ते टोक घेऊन पंधरा-वीस पावलांवर तुमच्याकडं पाठ करून बसवा. तुम्ही लाइन हळूहळू डाव्या हाताने ओढत राहायची, उजव्या हाताच्या तर्जनीखालनं लाइन जात असते ते बोट सोडायचं नाही, आणि पोराला वाटेल तेव्हा त्याने हिसका द्यायचा. हिसका बसला त्याच क्षणी तुमचा डावा हात मागं कमरेपर्यंत गेला पाहिजे आणि रॉडचं टोक जागचं हललं नाही पाहिजे. पोराला सांगून ठेवा, टोक वर गेलं की ओरड म्हणून. पोरांना यात फार मजा येते आणि ती मोजत बसतात. रोज जेवायच्या आधी पंधरा मिनिटं हे केलंत तरी महिन्याभरात जुनी सवय सुटते. तीन महिन्यात तुम्ही बाकी काहीच केलं नाहीत आणि एवढंच केलंत तरी चालेल असं मी म्हणेन.

कास्टिंग कुठं करायचं? नुसत्या काळ्या रानात नको, ढेकळांवर घासून लाइनचं आवरण जातं. कॉलेजचं, शाळेचं हिरवळीचं मैदान बघा, सकाळी लवकर वारा नसतो तेव्हा चाल बसवा आणि मग मुद्दाम दुपारनंतर वाऱ्यात जा, कारण इबेराला मोकळं पाणी आहे, झाडी कमी, वारा असतोच. उजव्या खांद्यावरनं वारा येतो तेव्हा लाइन अंगावर येते, डोळ्याला चष्मा आणि डोक्यावर टोपी मैदानावरसुद्धा घाला. साठ फुटापर्यंत लाइन सरळ पडायला लागली की पुरे. नव्वद फुटाच्या नादाला लागू नका, तिथं पंचेचाळीस-पन्नास फुटावर घमेल्याएवढ्या जागेत फ्लाय पडली पाहिजे, तीसुद्धा दोन-तीन झुलव्यात, म्हणजे लाइन हवेत दोन-तीनदाच मागं-पुढं नेऊन, दहा-बारा झुलवे घेईपर्यंत बोट पुढं गेलेली असते. जमायला लागलं की डाव्या हाताने लाइनला ऐनवेळी खाली ओढ द्यायचं शिका, डबल हॉल म्हणतात त्याला, मोठी ओली फ्लाय वाऱ्यात त्याशिवाय जात नाही.

पाण्यावर सराव करायचा तर हिडकल धरणाचा फुगवटा चांगला, काठ मोकळा आहे, मागं झाडं आडवी येत नाहीत. तिथं मासेमारीचा हक्क कुणाकडं आहे, सोसायटीकडं की ठेकेदाराकडं, ते आधी विचारून परवानगी घ्या, लोकांचं पोट आहे त्यावर. राकसकोपला जाऊ नका, बेळगावचं पिण्याचं पाणी आहे ते. धुपदाळचं पाणी घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतं आणि खानापूरकडं भीमगडच्या आत तर विचारच नको. चिलापी लहान फ्लायवर मजेत येते, हात बसवायला तिच्यासारखा मासा नाही. मरळसुद्धा बेडकासारख्या तरंगत्या फ्लायवर तुटून पडते, शेवाळाच्या कडेला फ्लाय टाकून थांबत थांबत ओढा, आणि तिथं स्ट्रिप स्ट्राइकच करा, वर उचलू नका. फक्त पाण्यावर लाल-केशरी पिल्लांचा घोळका एका जागी बुडबुडत फिरताना दिसला तर तिथं फ्लाय टाकू नका. खाली त्यांचे आई-बाप राखण करत असतात, ती मरळ भुकेने नाही तर पिल्लांसाठी अंगावर येते, ती उचलली की सगळा घोळका तासाभरात बाकीचे मासे खाऊन टाकतात. हे तुम्हाला माहीत असणार, तरी लिहितो कारण हल्ली नवीन पोरं मुद्दाम असे घोळके शोधतात आणि ते बघून जीव तुटतो.

सामानाचं आता. 9 फुटी, 8 नंबरचा, चार तुकड्यांचा रॉड, मध्यम किमतीचा चालेल. रीलवर फार खर्च नको, डोराडो फार लांब पळत नाही, उड्या मारतो, ब्रेक बरा असला की झालं. पैसे लाइनवर घाला आणि ती उष्ण हवेसाठी बनवलेलीच घ्या. ट्राउटसाठीच्या थंड पाण्यातल्या लाइनी आपल्या उन्हातसुद्धा मऊ पडून चिकटतात, रॉडच्या कड्यांतनं सरकत नाहीत, माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. एक तरंगणारी आणि एक टोक बुडणारी, दोन पुरेत. लीडर साधा, सात-आठ फुटाचा, 25-30 पौंडी, आणि त्याच्या पुढं वीतभर वायर लागतेच, वायरीशिवाय एका चाव्यात फ्लाय गेली. फ्लाय म्हणजे चार-पाच इंचाचे स्ट्रीमर, लहान माशासारख्या दिसणाऱ्या लांब फ्लाय त्या, काळा-लाल, काळा-नारिंगी, पांढरा-पिवळा. पहिल्यांदाच जाताय तर बांधत बसू नका, लॉजवर घ्या, त्यांना तिथल्या पाण्याचं कळतं. हुकाचा काटा पकडीने दाबून सपाट करा आणि कानस सोबत ठेवा, नखावर टेकवला तर घसरता कामा नये इतका हुक धारदार पाहिजे. पोलराइज्ड चष्मा, लांब बाह्यांचे पातळ शर्ट, मानेला बफ, आणि डाव्या हाताच्या बोटांना घालायच्या कापडी टोप्या, नाहीतर दिवसभर ओली लाइन ओढून दुसऱ्या दिवशी बोटांना चिरा पडतात. बोटीवर नाडीचे बूट घालू नका, पायाखाली सुटी लाइन पडलेली असते ती नेमकी नाडीत अडकते आणि नेमकी मासा लागल्यावर.

जागा काय आहे ते सांगतो म्हणजे तिथं गेल्यावर काय बघायचं ते कळेल. इबेरा अर्जेंटिनाच्या कोरिएंतेस प्रांतात आहे, 12-13 हजार चौरस किलोमीटरचा पसारा, म्हणजे आपल्या अख्ख्या बेळगाव जिल्ह्याएवढं जवळजवळ. दक्षिण अमेरिकेत पांतानालच्या खालोखाल मोठी पाणथळ. पराना नदी फार पूर्वी तिथनं वाहायची, आता ती बाजूला सरकलीय आणि मोठी नदी आत येत नाही, सगळं पाणी पावसाचं. म्हणून पाणी स्वच्छ, परानासारखं गढूळ नाही, आणि म्हणूनच फ्लायला इतकं चांगलं, मासा फ्लायच्या मागं येताना दिसतो. हे पाणी कोरिएंते नावाच्या नदीतनं हळूहळू परानाला जाऊन मिळतं. गवत आणि मुळं एकमेकांत गुंतून झालेली तरंगती बेटं असतात, काही इतकी जाड की त्यावर झाडं उगवलेली. त्या बेटांच्या कडेला, जिथं आतनं पाण्याची धार बाहेर येते किंवा दोन धारा मिळतात, तिथं डोराडो तोंड धारेकडं करून उभा असतो. फ्लाय अगदी कडेला टाकायची, हातभर अलीकडं पडली तर बऱ्याचदा तो बाहेर येत नाही. आणि लगेच ओढायला लागायचं, जोरात, पळणाऱ्या लहान माशासारखं. मागं मागं येतोय खरं घेत नाही असं झालं तर थांबू नका, अजून वेगाने ओढा, थांबलात की तो वळला.

बहुतेक मासे दोन-चार किलोचे मिळतील, त्याहून मोठेही असतात, खरं वीस किलोचे फोटो तुम्ही बघितले असतील ते मोठ्या नद्यांवरचे, ती अपेक्षा घेऊन जाऊ नका. दोन किलोचा डोराडोसुद्धा तीनदा-चारदा पाण्याबाहेर अख्खा उडतो. उडाला की रॉड त्याच्याकडं झुकवा, लाइन क्षणभर सैल पडू दे. अधनंमधनं पिराना लागतील, त्यांचं तोंड हाताने उघडायला जाऊ नका, पकड वापरा.

गाइड दिशा घड्याळाने सांगतो. बोटीचं नाक म्हणजे बारा, डावीकडं काटकोनात नऊ, उजवीकडं तीन. तो दहा म्हणाला की विचार न करता हात तिकडं गेला पाहिजे, मैदानावर पोराला आकडे ओरडायला लावून याचाही सराव होतो. स्पॅनिशचे चार शब्द जावयाकडनं शिकून घ्या, इस्क्येर्दा डावीकडं, देरेचा उजवीकडं, रापिदो लवकर, देस्पासिओ हळू. एका बोटीत दोघं असतात, एक पुढं उभा राहून टाकतो तेव्हा दुसऱ्याने आपला रॉड आवरून बसायचं. जावयासोबत आळीपाळीने कराल.

मासा खायचा का, असं तुम्ही खाली हळूच विचारलंय. नाही, सोडायचा. तिथल्या फ्लाय फिशिंग लॉजवर डोराडो पाण्यात परत सोडायचाच असतो आणि त्याला कारण आहे. तो त्या पाण्यातला वरचा शिकारी, संख्येने आधीच कमी, आणि अंडी घालायला नदीत लांब वरपर्यंत जाणारा. परानावर यासिरेतासारखी मोठी धरणं झाली आणि अशा माशांच्या वाटा अडल्या. आपल्या कृष्णेच्या खोऱ्यात महाशीरचं हेच झालं, वाहतं पाणी आणि वर जायची वाट दोन्ही गेली. महाशीर आणि डोराडो नात्याने एकमेकांचे कुणी नाहीत खरं दोघांचं दुखणं एकच आहे. म्हणून सोडतानाही नीट सोडा. हात आधी ओले करा, एका हाताने शेपटीच्या बुडाशी धरा, दुसरा पोटाखाली, कल्ल्यात बोट घालू नका, फोटो पाण्यालगतच आणि दोन-चार सेकंदात, आणि तो स्वतः झटका देऊन जाईपर्यंत तोंड धारेकडं करून धरून ठेवा. दमलेला मासा नुसता टाकून दिला तर पिराना त्याच्या पंखांचे तुकडे काढतात.

वहिनींचं म्हणाल तर मला वाटतं तुमच्यापेक्षा त्यांचाच आठवडा चांगला जाईल. साडेतीनशेच्या वर जातींचे पक्षी आहेत तिथं. धुपदाळला हिवाळ्यात कांड्या करकोचे बघायला त्या जात असतील तर दुर्बीण आठवणीने द्या. कॅपीबारा म्हणजे उंदराच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, डुकराएवढा, काठावर कुटुंबच्या कुटुंब बसलेली असतात आणि माणसाला बिचकत नाहीत. केमन मगरी, दलदलीतलं मोठ्या शिंगांचं हरीण, हाउलर माकडं. तिथनं जग्वार सत्तरेक वर्षांपूर्वी संपलेला, 2021 मध्ये परत मोकळा सोडला. डग्लस टॉम्पकिन्स नावाच्या अमेरिकन उद्योजकाने आणि त्यांच्या पत्नीने जमिनी विकत घेऊन त्या उद्यानासाठी दिल्या आणि 2018 मध्ये इबेरा राष्ट्रीय उद्यान झालं. 2022 च्या सुरुवातीला दुष्काळ पडून त्या प्रांतात भयंकर वणवे लागले, त्यातनंही हे सगळं परत उभं राहतंय. वहिनींसाठी वेगळी बोट, वेगळा माणूस मिळतो का आणि मासे न धरणाऱ्याचा दर कमी आहे का, हे पैसे भरायच्या आधी जावयाला विचारायला लावा, बऱ्याच लॉजवर असतो. पाणी फार कमी असेल तर काय करणार, हेही त्याच फोनवर विचारा.

जेवण. तिथं गाईचं मांस हेच रोजचं जेवण, ते खात नसाल तर आधी लेखी कळवा, आणि नुसतं शाकाहारी असं न लिहिता काय काय चालत नाही ते एकेक लिहा, नाहीतर हॅम आणि चिकन ताटात येतं. चीज घातलेला साबुकंदाच्या पिठाचा चिपा नावाचा पाव मिळतो, गरम गरम फार छान. शेंगदाण्याची चटणी सोबत असली की कुठल्याही जेवणाला चव येते. कुंदा मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ विमानतळावर अडवतात.

प्रवासात एकच अडचण, परदेशी विमानं एसेइसा विमानतळावर उतरतात आणि देशांतर्गत बरीचशी आएरोपार्के नावाच्या शहरातल्या दुसऱ्या विमानतळावरनं सुटतात. तुम्ही आधी मुलीकडं राहणार असाल तर प्रश्नच नाही. पुढं पोसादास किंवा कोरिएंतेसपर्यंत विमान, मग गाडी. शेवटचा रस्ता कच्चा असतो, पाऊस झाला तर पावसाळ्यातल्या जांबोटीकडच्या मातीच्या रस्त्यासारखा, म्हणून परतीचं विमान आणि लॉज सोडणं एकाच दिवशी ठेवू नका.

आणि हे सगळ्यात आधी करा, पिवळ्या तापाची लस. कोरिएंतेस प्रांत त्या तापाच्या पट्ट्यात येतो, आणि आपल्या सरकारच्या यादीत अर्जेंटिना आहे, म्हणजे परत येताना विमानतळावर लसीचं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी पाहिजे, सरकारमान्य केंद्रावरच मिळते, कुठल्याही दवाखान्यात नाही, तारीख आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्या माणसांना या लसीचा त्रास व्हायची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून तुम्ही आणि वहिनी दोघांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना बीपी-शुगरच्या गोळ्या दाखवून आधी विचारा आणि मगच पुढचं बुकिंग पक्कं करा.

रॉड ऑनलाइन मागवायच्या आधी एकदा बेळगावला या, माझ्याकडं दोन-तीन वेगवेगळे आहेत, कुठल्याची मूठ हातात बसते ते फेकून बघा. रविवारी सकाळी सातला आलात तर नऊपर्यंत वारा नसतो, नातवालाही घेऊन या, हिसके द्यायला कोणीतरी लागतंच.